नानकटाईला नऊ

मस्कासाथेतून आणलेले किलोभर फल्लीदाणे
मंद आचेवर भाजले, सुपात चोळले.
फोलपटं पाखडली तर कूलरच्या वाऱ्यानं
उडाली घरभर. अजून सापडतात,
उशीच्या अभ्र्यात, कॅलेंडरमागे.

मग मिक्सर.
आधी कूट होतं. कूट सगळ्यांनाच येतं,
उसळीपुरतं.
त्यापुढं थांबायचं नाही, एवढंच.
कूट कडांना चिकटतं, त्याचा हट्टी गोळा होतो,
मिक्सर गुरगुरतो, जळका वास येतो,
बाबा आतल्या खोलीतून ओरडतात,
"मोटर जाळून राहिली का व?"
आणि नेमकं तेव्हाच दाण्याला आठवतं
की आपल्यात तेल आहे.
सैल पडतं सगळं, वाहायला लागतं.
दुकानात याला पीनट बटर म्हणतात, साडेतीनशेला बरणी.
बाबा म्हणतात, लोणी कायचं, फल्लीचा चिखल हा.

बाबा, देवराव निनावे,
गोळीबार चौकामागच्या भट्टीवर एकतीस वर्षं.
उन्हाळ्यात बायका डबे घेऊन यायच्या,
मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा,
झाकणावर खडूनं नाव :
पौनीकर. हेडाऊ. कुरेशी.
निनावे कधी नसायचं,
आमच्याकडे तुटक्या यायच्या, कागदात.
बाबा भट्टीत उघडा हात घालायचे नि मोजायचे.
नानकटाईला नऊ. टोस्टला सहा.
नऊच्या आत चटका बसला तर भट्टी निवू द्यायची,
नऊच्या पुढं गेलं तर एक लाकूड सारायचं.

आता साखर त्यांच्या रक्तात,
दोनशे ऐंशी, उपाशीपोटी.
म्हणून ही माझी खटपट :
ज्वारीचं पीठ, फल्लीचा चिखल,
अर्धं केळं, दोनच खजूर.
पहिल्या घाण्याच्या विटा झाल्या.
दुसरा चमच्यानं खावा लागला.
बाबांनी दोन्ही संपवले, एक शब्द न बोलता,
तेच जास्त लागलं.

तिसऱ्या वेळी ते उठले.
"तुह्या मशीनचे आकडे लबाड आहेत. सरक."
बाही वर केली. हात आत.
एक, दोन, तीन,
नऊला मी म्हटलं, झालं ना,
दहा. अकरा.
"थंडच आहे व ही."
चौदा.
मनगटावरचे केस आखडायला लागले होते.
सोळाला मीच ओढला हात बाहेर.
बोटं लालभडक, आणि ते बोटांकडे बघताहेत
कुणी भलत्याच नावाचा डबा
हाती दिल्यासारखे.

"कधीपासून?"
"दिवाळीपासून. चहाचा कप गरम लागत नाही."
नळाखाली धरला हात. पण मे महिन्यात नागपूरच्या नळाला
थंड पाणी कुठलं.
माठातलं ओतलं, तांब्यामागून तांब्या,
दोघंही काही बोललो नाही.

मग मी बांगडी वर सारली.
हात आत. त्यांनी मोजलं,
त्यांच्या भट्टीवरच्या चालीनं,
ना भरभर, ना रेंगाळत.
पाचला मी किंचाळले.
"जास्त आहे. दार उघडं ठेव थोडं."
पुन्हा. सात.
पुन्हा. आठ.
"कच्चा हात आहे तुहा, एक वाढवून धरू.
टाक आता."

तळाला करपल्या जराशा. ज्वारीच्याच त्या, तडकल्याही.
बिनसाखरेच्या चहात बुडवली तर अर्धी बुडालीच.
बाबांनी ती चमच्यानं शोधून काढली, खाल्ली,
दुसरी घेतली.
उरलेल्या डब्यात रचल्या, भाजलेला हात वर धरून, डाव्या हातानं.
घरात खडू नव्हता.
माझ्या पेननं झाकणावर लिहिलं, वाकडंतिकडं,
निनावे.

मीठ कमी पडलं, म्हणाले.